मसलत

पेशवेकालीन कागदपत्रांत पानोपानी भेटणारा 'मसलत' हा शब्द आजच्या मराठीत केवळ कुजबुजीच्या, किंचित संशयाच्या अर्थाने उरला आहे. परंतु ज्या काळी साताऱ्याचे, पुण्याचे आणि औरंगाबादचे राजकारण त्या शब्दावाचून चालत नसे, त्या काळी त्याचा पसारा फार मोठा होता. मूळ अरबी 'मस्लहत' म्हणजे हित, भले. फारसी दफ्तरांच्या वाटेने तो मराठीत आला तेव्हा हित कशात आहे याचा चार शहाण्यांनी मिळून करावयाचा विचार हा अर्थ त्याला येऊन मिळाला. आणि त्या विचारान्ती हाती घेतलेले भारी कार्य, प्रसंगी प्रत्यक्ष मोहीमसुद्धा, 'मसलत' याच नावाने ओळखली जाऊ लागली. हित, विचार आणि कृती अशा तीन पायऱ्या एकाच शब्दाच्या पोटात सामावल्यामुळे बोलणाऱ्यांची सोय झाली खरी, पण अभ्यासकाची फसगत होण्याचाही संभव निर्माण झाला. कारण हितापासून विचारापर्यंत आणि विचारापासून कृतीपर्यंतची वाट सरळ असते असा समज त्यातून होतो, आणि परराष्ट्रनीतीचा अभ्यास म्हणजे तर ती वाट कोठे, कशी आणि कोणामुळे वाकडी होते याचाच शोध होय.

'दिल्लीने ठरविले', 'बीजिंगने नाकारले' अशी वाक्ये आपण रोज वाचतो, आणि शहरे विचार करीत नसतात ही साधी गोष्ट वाचतावाचता विसरतो. रिचर्ड स्नायडर, एच. डब्ल्यू. ब्रक आणि बर्टन सॅपिन या तीन अमेरिकन अभ्यासकांनी 1954 साली प्रिन्स्टन येथून प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात या विस्मृतीवरच बोट ठेविले. राज्याचा निर्णय म्हणजे राज्याच्या नावाने निर्णय करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्या मूठभर माणसांचा निर्णय; म्हणून त्यांना परिस्थिती कशी दिसली, कोणती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आणि ते कोणत्या हुद्द्यावरून बोलत होते हे पाहिल्यावाचून राज्याचे वर्तन समजणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळच्या विद्यापीठांना ते नवे वाटले; पण ज्याने कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहिले आहे त्याला ते सर्वस्वी नवे वाटण्याचे कारण नाही.

कौटिल्य म्हटला की आपल्याला आठवते ते राजमंडल: लगतचा राजा तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र, त्याच्याही पलीकडचा तो शत्रूचा मित्र, अशी नकाशावर आखता येणारी वर्तुळे, आणि संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव ही सहा गुणांची नीती. परंतु हाच ग्रंथकार पहिल्या अधिकरणात राजाची मसलत कशी चालावी याचा जो विचार करितो, तो अधिक सूक्ष्म आहे. एकाच मंत्र्याशी मसलत करावी तर तो मंत्री निरंकुश होतो. दोघांशी करावी तर दोघे एक होऊन राजाला गुंडाळतात, नाहीतर आपसांत भांडून कार्याचा नाश करितात. यास्तव तीन किंवा चार मंत्री असावेत, असे तो सांगतो. पोपट, साळुंक्या आणि कुत्री यांच्यामुळेही मंत्र फुटल्याचे ऐकिवात आहे, म्हणून मसलतीची जागा पक्ष्यांच्याही दृष्टीआड असावी, हेही तो बजावून ठेवितो. बाहेरच्या जगाचे वर्तुळ आणि आतल्या सदरेवरची चार माणसे अशी दोन चित्रे त्याच्यासमोर होती. आपण मात्र पहिले उचलले आणि दुसरे ग्रंथातच राहू दिले.

केवळ पहिल्या चित्रावर विसंबले असता काय होते, हे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पायाशीच पाहावयास मिळते. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर याने 1610 साली खडकी येथे जे शहर वसविले, तेच पुढे औरंगजेबाच्या नावाने औरंगाबाद झाले. उत्तरेस मोगल आणि दक्षिणेस विजापूरची आदिलशाही अशा दोन शेजाऱ्यांमध्ये हे राज्य सापडले होते. मोगलांच्या धास्तीने प्रारंभी इब्राहीम आदिलशहाने अंबरास साहाय्य केले. आणि 1624 साली अहमदनगरजवळच्या भातवडी येथे तीच आदिलशाही फौज मोगलांच्या बरोबरीने अंबरावर चालून आली व पराभूत होऊन परतली. या अवघ्या चौदा वर्षांत डोंगर हलले नव्हते, नद्यांनी पात्रे बदलली नव्हती, सरहद्दीही फारशा सरकल्या नव्हत्या. नकाशा तोच राहूनही मित्राचा शत्रू होतो, तेव्हा नकाशा आपल्याला प्रश्न कोणते आहेत एवढेच सांगतो, उत्तर सांगत नाही, हे मान्य करावे लागते.

उत्तर शोधण्याची रीत समजून घेण्यासाठी याच जिल्ह्यातील, वैजापूर तालुक्यातील पालखेड या गावाकडे वळू. 1728च्या फेब्रुवारीअखेर येथे पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्क आसफजाहास पाण्यावाचून कोंडले, आणि 6 मार्च रोजी गोदाकाठच्या मुंगी-शेवगाव येथे उभयतांत तह झाला. युद्धशास्त्राचे अभ्यासक या मोहिमेतील घोडदौडीवर लुब्ध आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु आपला प्रश्न घोड्यांच्या टापांपूर्वीचा आहे. ही मसलत ठरली कशी, आणि ती याच स्वरूपाची का ठरली?

वादाचे मूळ 1719च्या सनदांत होते. बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणलेल्या त्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून, म्हणजे औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर आणि हैदराबाद येथून, चौथाई म्हणजे शेकडा पंचवीस आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा वसूल करण्याचा हक्क शाहू महाराजांना मिळाला होता. मोबदल्यात पंधरा हजार फौज बादशाही चाकरीस ठेवावयाची होती. 1724 साली साखरखेडल्याच्या लढाईत मुबारिजखानास मारून निजाम दक्षिणेचा वस्तुतः स्वतंत्र धनी झाला, तेव्हा त्याच्या सुभ्यांतील महसुलाचा मोठा वाटा दुसऱ्याच्या कमाविसदारांनी न्यावा ही गोष्ट त्याला सलू लागणे स्वाभाविक होते. निजामाचे हित येथवर स्पष्ट आहे. पण त्या हिताचे धोरण कसे बनले ते पाहण्यासारखे आहे. सनद नाकारावी तर ज्या बादशहाच्या नावाने तो स्वतः सुभेदार म्हणवीत होता त्याचाच शिक्का नाकारल्यासारखे होते. उघड युद्ध करावे तर खर्च मोठा. औरंगजेबाच्या छावण्यांत वाढलेल्या आणि दिल्लीची वजिरी सोडून आलेल्या या छपन्न वर्षांच्या मुत्सद्द्याने तिसरी वाट काढली. सनद खरी, देणे मान्य; परंतु सातारचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी असे दोन छत्रपती हक्क सांगत असता पैसा द्यावा कोणास? उभयतांनी आपले दावे सुभेदारापुढे मांडावेत, निवाडा होईपर्यंत वसुली तहकूब! शेजाऱ्याच्या घरातील भाऊबंदकी हीच ज्याची तोफ होती, त्याला गोलंदाज बाळगण्याची निकड नव्हती. साताऱ्याशी फाटलेले चंद्रसेन जाधवांसारखे नामांकित मराठे सरदार त्याच्या पदरी होतेच. त्या घरातील भिंतींना तडे कोठे आहेत हे त्याला औरंगाबादेत बसून दिसत असे.

आता साताऱ्याच्या सदरेवर या. येथे 'साताऱ्याचे हित' असे एकच हित शोधू गेल्यास ते सापडत नाही. सापडतात ती हुद्द्यांची हिते. प्रतिनिधी श्रीपतराव हे मानाने पेशव्यांहून वरचे. निजामाशी सलोखा राखून घर आधी सावरावे अशा मताचे म्हणून ते ओळखले जातात. हैदराबादेच्या आसपासची वसुली सोडून देऊन त्याऐवजी रोकड आणि इंदापूरकडील मुलूख घ्यावा, अशी निजामाची सूचना प्रतिनिधींच्या मार्फत आली, आणि त्यांना स्वतःला वऱ्हाडात जहागीर मिळाली, असे ग्रँट डफ लिहितो. अवघ्या सत्तावीस वर्षांच्या पेशव्याच्या दृष्टीने मात्र वसुलीचा हक्क सोडणे म्हणजे ज्या हक्कावर त्याच्या वडिलांनी राज्याची नवी घडी बसविली त्या घडीचीच शिवण उसवणे होते. शिवाय वसुली करणाऱ्या फौजांचा सूत्रधार तोच असल्यामुळे वसुली थांबणे म्हणजे त्याचा अधिकार थांबणेही होते. दोघेही राज्याच्या हिताची भाषा बोलत होते, आणि दोघेही खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. ज्या आसनावरून मनुष्य पाहतो त्या आसनाची उंची त्याच्या दृष्टीत मिसळते, एवढाच याचा अर्थ. 1962च्या क्यूबा संकटाचा छडा लावताना ग्रॅहम ॲलिसन याने 1971 साली जो सिद्धान्त मांडला, की सरकारचा निर्णय हा पुष्कळदा निरनिराळ्या खात्यांच्या धन्यांमधील ओढाताणीतून उरलेला शेष असतो, त्याचे उदाहरण शोधण्यासाठी मराठी वाचकाला वॉशिंग्टनपर्यंत जाण्याची गरज नाही.

हा काटा झुकला तो निजामाच्याच हाताने. चौथाईचा तंटा पैशाचा होता तोवर प्रतिनिधींच्या सलोख्याला वजन होते. परंतु छत्रपती कोण याचा निवाडा सुभेदाराने करावयाचा असे ठरताच तंटा गादीचा झाला, आणि स्वभावाने शांततेकडे कललेल्या शाहू महाराजांनाही पेशव्याच्या बाजूने उभे राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. प्रतिपक्षाच्या दरबारातील दुफळीवर आपले धोरण उभारणारा मुत्सद्दी नेहमी एका धोक्याच्या कडेने चालत असतो: दुफळी पुरेशी ताणली नाही तर काम होत नाही, आणि अधिक ताणली तर दोन्ही तुकडे एकत्र येतात. निजामाने ती दोरी एक वीत अधिक ओढली.

मोहिमेचे स्वरूपही या मसलतीचेच अपत्य होते. निजामाच्या तोफखान्यासमोर समोरासमोर उभे राहण्याइतके बळ नव्हते आणि पराभव झाला असता प्रतिनिधींचे म्हणणे खरे ठरून पेशवाईच धोक्यात आली असती. म्हणून बाजीरावाने जालन्याच्या बाजूने मुलूख मारीत, बुऱ्हाणपुरावर जाण्याचा देखावा करीत, गुजराथेत उतरून निजामास मागे फरफटत नेले. निजाम कंटाळून पुण्यावर गेला आणि तेथे त्याने संभाजींना छत्रपती म्हणून मिरविले. तेव्हा बाजीरावाने घोड्यांची तोंडे औरंगाबादकडे वळविली. राजधानी वाचविण्यासाठी अवजड सरंजाम मागे टाकीत धावून येणारा निजाम पालखेडाजवळ अडकला. मुंगी-शेवगावच्या तहात त्याने शाहू हेच एकमेव छत्रपती हे मान्य केले, हाकलून दिलेले अंमलदार पुन्हा बसवून थकलेली वसुली देण्याचे कबूल केले. संभाजींना हवाली करण्यास मात्र तो राजी झाला नाही, त्यांना पन्हाळ्यास जाऊ देण्यावर भागले.

कोंडीत सापडलेल्या शत्रूचे राज्यच का बुडविले नाही, असा प्रश्न पुढच्या पिढ्यांनी वारंवार विचारला आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा बाजीरावाच्या उदारपणात किंवा शाहूंच्या सौम्यपणात शोधले जाते. व्यक्तिस्वभावाला परराष्ट्रनीतीत स्थान आहेच. शाहूंचा निजामाविषयीचा संयम सर्वश्रुत आहे. तथापि माझ्या मते व्यवस्थेचे कारण अधिक बळकट आहे. ज्या राज्याचे उत्पन्न चौथाईवर उभे आहे त्याला चौथाई देणारा जिवंत हवा असतो. सहा सुभ्यांचा कारभार स्वतःच्या शिरावर घेण्याइतके कारकून, किल्लेदार आणि फौजदार साताऱ्यापाशी नव्हते. वसुलीचा हक्क होता, मुलकी यंत्रणा निजामाची होती. मोहीम जिंकता आली, पण विजयाचे माप आधीच हिशेबाच्या वहीने ठरविले होते.

निजामानेही पराभवातून आपली नीती बदलली नाही, फक्त नवी भेग शोधली. सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची पेशव्याशी गुजराथेवरून तेढ होती; निजामाने तिकडे संधान बांधले, आणि 1 एप्रिल 1731 रोजी डभई येथे बाजीरावाला आपल्याच राज्याच्या सेनापतीशी लढावे लागले. दाभाडे पडले. त्याच महिन्यात वारणेच्या तहाने सातारा-कोल्हापूर वाद मिटला, आणि पुढील वर्षाच्या डिसेंबरात निजाम व बाजीराव रोहे-रामेश्वर येथे प्रत्यक्ष भेटून परस्परांशी समजूत करून मोकळे झाले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: घरातल्या भेगा बुजल्या, तेव्हाच बाहेरचा शेजारी बोलणीस आला.

या साऱ्या गोष्टी आपल्याला कळतात त्या कशा? रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडून काढलेले 45 खंड, राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमविलेली साधने, वकिलांची पत्रे आणि अखबार यांतून. या कागदांची एक शिस्त आहे. वकील जे लिहितो ते त्याने पाहिलेले असतेच असे नाही, धन्याला जे ऐकावयाचे असते त्याचीही छाया त्यावर पडते. पत्र लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख यांत कैक दिवसांचे अंतर असते, आणि निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेहमी शिळी परिस्थिती असते. जो अभ्यासक पत्र पोचल्याची तारीख पाहत नाही, तो गतकाळच्या मुत्सद्द्यांना त्यांना ठाऊकच नसलेल्या गोष्टींबद्दल दोष देत बसतो.

आसफजाहांचे हेच घराणे सव्वादोनशे वर्षांनी जेव्हा अखेरची परराष्ट्रनीती आखू लागले, तेव्हा भूमिका उलटल्या होत्या आणि भेग त्यांच्याच घरात होती. 1947 साली औरंगाबाद हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता आणि चहूंकडून भारताचा वेढा होता. ऑक्टोबरात भारताशी करावयाच्या 'जैसे थे' कराराचा मसुदा निजामाच्या कार्यकारी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला आणि मीर उस्मान अली खानांनी त्याला संमती दिली. परंतु शिष्टमंडळ दिल्लीस निघावयाचे त्या 27 तारखेच्या पहाटे लातूरचा वकील कासिम रझवी याच्या अनुयायांच्या जमावाने सल्लागार वॉल्टर मॉन्क्टन, पंतप्रधान छतारीचे नवाब आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. निजामाने विचार बदलला, शिष्टमंडळ बदलले. आणि महिन्याभराच्या घासाघिशीनंतर 29 नोव्हेंबर रोजी ज्या करारावर सही झाली तो जवळजवळ पहिलाच होता. मिळाले काही नाही. गेले मात्र पुष्कळ, कारण हैदराबादचा शब्द निजामाचा की रझवीचा हा प्रश्न दिल्लीस पडला. वाटाघाटी करणारा एकाच वेळी दोन पटांवर खेळत असतो, एक परक्याशी आणि एक स्वकीयांशी, असे रॉबर्ट पटनम याने 1988 साली लिहिले. हैदराबाद दुसरा पट रस्त्यावर हरले होते. 21 ऑगस्ट 1948 रोजी संस्थानाने सुरक्षा समितीकडे तक्रार नेली, 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या, 16 तारखेला पॅरिसमध्ये तक्रारीची चर्चा आरंभली आणि 17 तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो.

राजेशाहीत मसलतीला कोण बसावे हे धन्याच्या मर्जीवर असे. लोकशाहीत हा प्रश्न आपोआप सुटला असे मानणे भाबडेपणाचे होईल. 1 सप्टेंबर 1951 रोजी औरंगाबादेत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसली. त्या महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. 10 ऑक्टोबरला त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनातील कारणांत हिंदू कोड बिल सर्वांना आठवते. परराष्ट्रनीती हेही एक कारण होते, हे फार थोड्यांना. साडेतीनशे कोटींच्या महसुलातील सुमारे एकशे ऐंशी कोटी लष्करावर खर्च होतात, आणि हा बोजा मित्र न जोडणाऱ्या धोरणाचे फळ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप बरोबर की चूक यावर मतभेद होऊ शकतात. पण त्याच निवेदनातील दुसरी तक्रार आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते: परराष्ट्र व्यवहाराची समिती वेगळी, संरक्षणाची वेगळी, त्या समित्यांवर आपल्याला घेतले नव्हते, आणि तेथे ठरलेल्या गोष्टींची नोंद करणारी कचेरी एवढेच मंत्रिमंडळाचे काम उरले होते.

देशाची घटना ज्यांच्या हाताखाली लिहिली गेली, त्या कायदेमंत्र्यालाही त्या मसलतीत जागा नव्हती. म्हणून कोणत्याही राज्याच्या परराष्ट्रनीतीविषयी वाचताना राज्याचे हित काय होते हा प्रश्न दुसरा समजावा. सदरेवर कोण बसले होते आणि कोणाला बाहेर उभे केले होते, हा पहिला.